बोर्ड सुरू होतं, पण एक भाग गायब: सख्ख्या चिपांच्या नावांचा घोळ कसा शोधायचा

लक्षणं आधी. बोर्ड जळालेलं नाही, लिनक्स सुरू होतं, लॉगिनही मिळतं. तरीही यातलं काहीतरी दिसतं:

- नव्या लॉटच्या बोर्डावर सेन्सर किंवा घड्याळ दिसतच नाही. तेच एसडी कार्ड जुन्या लॉटमध्ये घातलं की सगळं दिसतं.
- भाग दिसतो, पण अर्धा. तापमान येतं, आर्द्रता नाही. वेळ बरोबर आहे, अलार्म नाही.
- मॉडप्रोब (ड्रायव्हर चढवणारी आज्ञा) हाताने चालवलं की चालतं, रीबूट केलं की पुन्हा नाही.
- कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलल्यावर बिल्ड स्क्रिप्ट म्हणते, डीटीएस फाइल (बोर्डावरच्या चिपांची यादी, म्हणजे डिव्हाइस ट्री, जिच्यात लिहितात ती) सापडत नाही.
- डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) त्या भागाबद्दल चांगली-वाईट एकही ओळ नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यांत बोलकं. वायर सुटली असेल किंवा चिप मेली असेल तर ड्रायव्हर तक्रार करतो: उणे १२१, उणे ११०, उणे ६ असे आकडे येतात. नाव जुळलं नसेल तर ड्रायव्हर त्या चिपपर्यंत पोचलेलाच नसतो, म्हणून तक्रारही नाही. लॉग गप्प असेल तर मी मल्टीमीटर बाजूला ठेवतो आणि नावांकडे वळतो.

माझ्याकडे येणारी बोर्डं साधी असतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारं, निपाणीच्या तंबाखू वखारीत आर्द्रता बघणारं, वडगावात यंत्रमागाचे फेरे मोजणारं. दोष मात्र तोच फिरून फिरून येतो. पहिला लॉट संपतो, दुसरा मागवला जातो, त्यात चिप थोडी वेगळी निघते आणि विकणारा सांगतो, ‘फॅमिली तीच आहे की साहेब, काही फरक नाही.’ फरक असतो.

याचं कारण दोन ओळींत सांगतो, नाहीतर पुढच्या तपासण्या मंत्रासारख्या वाटतील. यूएसबी किंवा पीसीआयवरची वस्तू स्वतःची ओळख स्वतः सांगते. आय-टू-सी, एसपीआय (बोर्डावरच्या चिपा जोडणाऱ्या वायरी, म्हणजे बस), साधा सिरियल पोर्ट यांवरच्या चिपा काही सांगत नाहीत. त्या कुठे आहेत आणि कोण आहेत हे डिव्हाइस ट्री कर्नलला सांगतं, ‘कंपॅटिबल’ नावाच्या एका ओळीतून: आधी कंपनी, मग स्वल्पविराम, मग चिप. ड्रायव्हरकडे अशाच नावांची यादी असते. दोन्हीकडचं नाव जुळलं तर काम सुरू, नाही जुळलं तर काहीच नाही. या ओळीत एकाहून जास्त नावं देता येतात: सगळ्यांत नेमकं आधी, जास्त ढोबळ नंतर.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.

पहिली तपासणी: चिपवर काय छापलंय ते वाचा

खर्च शून्य. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, कॅमेरा झूम करा. बोर्डावरची सिल्कस्क्रीन (छापील अक्षरं), बिल, विक्रेत्याचं पान यांपैकी कशावरही विश्वास ठेवू नका. तिथे बहुतेक वेळा घराण्याचं नाव असतं, चिपचं नाही.

निपाणीच्या वखारीचं उदाहरण यासाठी उत्तम. मॉड्यूलवर छापलेलं बीएमई२८०, आतमध्ये बीएमपी२८०. दोन्ही बॉशच्या, दोन्ही हेक्स (सोळा-आधारी आकड्यांत) ७६ किंवा ७७ या पत्त्यावर, दोन्ही तापमान आणि दाब देतात. आर्द्रता फक्त बीएमईमध्ये. यांच्यावर वाचण्याजोगं फारसं छापलेलं नसतं, पण आकार बघा. बीएमई२८० चं धातूचं टोपण चौरस असतं, २.५ बाय २.५ मिलिमीटर. बीएमपी२८० लांबट, २ बाय २.५. एकदा नजर बसली की भिंगही लागत नाही.

प्रत्येक अक्षराला मात्र घाबरू नका. डीएस३२३१ एसएन आणि डीएस३२३१ एम या घड्याळाच्या चिपांत आतलं आंदोलक वेगळं आहे: पहिल्याची अचूकता सामान्य तापमानाला २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग), दुसऱ्याची ५. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे वेगळं नाव लागत नाही. रजिस्टर (चिपच्या आतले लिहायचे-वाचायचे कप्पे) बदलले तर नाव बदलतं. नुसतं पॅकेज किंवा तापमानाची श्रेणी बदलली तर नाही.

दुसरी: चालू सिस्टिमला कोणतं नाव दिसतंय ते विचारा

‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’ या फोल्डरात ‘मॉडेल’ आणि ‘कंपॅटिबल’ या फाइली कॅट करून बघा. मग ज्या भागाची अडचण आहे त्याच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या त्याच्या फोल्डरात) जाऊन तिथली ‘कंपॅटिबल’ बघा. संपादकात उघडलेली डीटीएस फाइल हा पुरावा नाही. बूटलोडरने (कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमने) प्रत्यक्षात काय वाचलं ते इथे दिसतं.

सीपीयूइन्फोवर (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलीवर) विसंबू नका. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या कर्नलमध्ये ‘हार्डवेअर’च्या ओळीत बीसीएम२८३५ असंच येत आलं आहे. बोर्डावर २८३६ असो, २८३७ असो की पाय ४ ची २७११. या ओळीवरून प्रोसेसर ओळखू नका असं त्यांच्या कागदपत्रांतही लिहिलेलं आहे. तरीही त्या एका ओळीवर आख्खी इन्स्टॉल स्क्रिप्ट उभी केलेली मी अनेकदा पाहिली आहे.

तिसरी: चुकीची डीटीबी तर चढत नाही ना

डीटीबी म्हणजे डीटीएसपासून तयार झालेली, बूट होताना चढणारी फाइल. हे फुकटात तपासता येतं आणि नेमकं हेच लोक शेवटी करतात.

पायचंच घ्या. पाय ३ च्या फाइलीचं नाव त्यांच्या कर्नलमध्ये ‘बीसीएम२७१०’ने सुरू होतं, मुख्य कर्नलमध्ये ‘बीसीएम२८३७’ने. बोर्ड एकच. २७०८, २७०९, २७१० ही आतल्या घराण्याची नावं आहेत आणि २८३५, २८३६, २८३७ या प्रत्यक्ष चिपा. एका कर्नलची फाइल सुधारायची आणि दुसऱ्याची बूट करायची, असं केलं तर कितीही वेळा सेव्ह करा, काही बदलणार नाही.

कर्नल बदलल्यावर फाइलच सापडत नसेल तर तुमची आवृत्ती ६.५ च्या पुढे गेली आहे का बघा. त्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, ३२-बिट आर्मच्या डीटीएस फाइली कंपनीनिहाय उपफोल्डरांत हलवल्या गेल्या. फाइलीचं नाव तेच, रस्ता वेगळा. स्क्रिप्टमधला मार्ग दुरुस्त केला की मिटलं. यू-बूट हा बूटलोडर असेल तर ‘एफडीटीफाइल’ या चलात काय लिहिलंय तेही बघून घ्या.

चौथी: शुद्धलेखन

हसू नका, निम्मी प्रकरणं इथेच संपतात. स्वल्पविरामाच्या जागी हायफन, हायफनच्या जागी अंडरस्कोर, मोठी अक्षरं, कंपनीचा चुकीचा उपसर्ग.

मोठ्या अक्षरांची गंमत समजून घेण्यासारखी आहे. लिनक्स कर्नल कंपॅटिबल नावं ताडताना लहान-मोठं अक्षर बघत नाही. त्यामुळे ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर मोठ्या अक्षरातलं नावही चालून जातं. ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर तो आपोआप चढवायचं काम मॉडप्रोब करतं आणि ते अक्षरं काटेकोर बघतं. म्हणून एका बोर्डावर चालतं, दुसऱ्यावर नाही आणि डीटीएस दोन्हीकडे शब्दशः तीच.

कंपनीच्या उपसर्गाचंही असंच. डीएस३२३१ साठी ड्रायव्हरच्या यादीत उपसर्ग ‘मॅक्सिम’ आहे, डीएस१३०७ साठी ‘डॅलस’. कुणी ‘डॅलस,डीएस३२३१’ लिहिलं तर आय-टू-सी बसवर कर्नल स्वल्पविरामापुढचा भाग वेगळा काढून ड्रायव्हरच्या दुसऱ्या यादीतही शोधतं. त्यामुळे ड्रायव्हर आधीच चढलेला असेल तर जुळतं. आपोआप चढवताना मात्र पूर्ण नाव लागतं. हाताने मॉडप्रोब केलं की चालतं आणि रीबूटला जातं, या लक्षणामागे फार वेळा हेच असतं.

कंपनी विकली गेली म्हणून उपसर्ग बदलू नका. फ्रीस्केल २०१५ मध्ये एनएक्सपीत गेली, पण आय.एमएक्स८ च्या नव्या चिपांनाही कर्नलमध्ये ‘एफएसएल’ हाच उपसर्ग आहे. ॲटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेली, तरी ईईप्रॉम अजून ‘ॲटमेल,२४सी०२’. आपल्या बेळगावचं अधिकृत इंग्रजी नाव २०१४ मध्ये बदललं, पण रेल्वेचा स्टेशन कोड बीजीएमच राहिला. तिकीट काढताना तोच चालतो, इथेही तसंच.

पाचवी: ड्रायव्हर आहे का, आणि कोणाच्या नावाने आहे

ड्रायव्हरला नाव मिळतं ते पहिल्या चिपचं. मागून आलेली भावंडं त्याच नावाखाली राहतात. डीएस३२३१ साठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसाल तर आय-टू-सी घड्याळांत सापडणार नाही, तो आरटीसी-डीएस१३०७ मध्ये आहे. बीएमई२८० चा ड्रायव्हर बीएमपी२८० या नावाने. टीएमपी७५ चा एलएम७५ मध्ये. यूएसबी-सिरियलची सीएच३४० चालते ती सीएच३४१ या मॉड्यूलवर.

म्हणून कर्नलचं कॉन्फिगरेशन करताना ‘आपल्याकडे १३०७ नाहीच, काढून टाका’ असं कुणी केलं की घड्याळ जातं. ‘मॉडइन्फो’ चालवून ‘एलिअस’च्या ओळी बघा. तुमच्या चिपचं नाव तिथे असेल तर ड्रायव्हरला ती माहीत आहे. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरमध्ये एलिअसच नसतील तर लिहिणाऱ्याने ‘मॉड्यूल डिव्हाइस टेबल’ची ओळ घालायची सोडली आहे. तो ड्रायव्हर आपोआप कधीच चढणार नाही.

सहावी: चिपलाच विचारा

इथपर्यंत फक्त वाचन होतं, आता बसवर हात लागतो. मशीन थांबवून करा.

‘आयटूसीडिटेक्ट’ चालवा. पत्त्याच्या जागी ‘यूयू’ दिसलं तर त्या पत्त्यावर ड्रायव्हर बसलेला आहे. आकडा दिसला तर चिप आहे, ड्रायव्हर नाही. काहीच नाही तर वायर, वीज किंवा पत्ता बघा. मग तो नावाचा प्रश्न नाही.

नुसत्या पत्त्यावरून चिप ओळखू नका. हेक्स ६८ वर डीएस१३०७ असतं, डीएस३२३१ असतं आणि एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सरही असतो. ओळख सांगणारं रजिस्टर वाचा. बॉशच्या या चिपांत ते हेक्स डी० वर आहे: ५५ आलं तर बीएमपी१८०, ५८ आलं तर बीएमपी२८०, ६० आलं तर बीएमई२८०.

वखारीच्या त्या मॉड्यूलने ५८ सांगितलं. जुन्या कर्नलमधला ड्रायव्हर नाव आणि ओळख जुळली नाही की ‘बॅड चिप आयडी’ लिहून काम सोडतो, त्यामुळे तापमानसुद्धा मिळत नाही. मग कुणीतरी हुशारीने नोडमधलं नाव बीएमपी२८० करतं, तापमान येतं, सगळे खूश. वखारवाल्याला मात्र आर्द्रताच हवी असते, आणि ती या चिपमध्ये नाही. सॉफ्टवेअरने ती आणता येणार नाही. मॉड्यूल परत करा.

सातवी: मागचं नाव खरंच लागू पडतं का

दुरुस्तीला आलेल्या बोर्डांत सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो.

नेमक्या नावामागे भावाचं नाव जोडता येतं. आय.एमएक्स६ च्या सिरियल पोर्टचं नाव ‘आयएमएक्स६क्यू-यूएआरटी’ आणि त्यामागे ‘आयएमएक्स२१-यूएआरटी’. अर्थ असा: ही सहा-क्यूची यूएआरटी आहे, पण एकवीसचा ड्रायव्हर जसं चालवेल तशीही पूर्ण चालते. मागचं नाव म्हणजे हमी आहे, अंदाज नाही. नवी चिप जुन्याचं सगळं करत असेल आणि वर थोडं जास्त, तरच ते द्यायचं.

डीएस३२३१ ला नुसतं डीएस१३०७ म्हटलं तर काय होतं ते बघा. वेळेची रजिस्टरं दोन्हीकडे एकाच जागी आहेत, म्हणून वेळ अचूक येते आणि काम झालं असं वाटतं. पण १३०७ मध्ये हेक्स ०८ पासून पुढे ५६ बाइट मोकळी रॅम आहे. ३२३१ मध्ये त्याच जागी अलार्म, नियंत्रण, स्थिती आणि आंदोलकाची बारीक दुरुस्ती ही रजिस्टरं आहेत. ड्रायव्हर नावावर विश्वास ठेवून ती मोकळी रॅम म्हणून पुढे करतो. एखाद्या प्रोग्रॅमने तिथे सीरियल नंबर लिहिला की नियंत्रण रजिस्टर बिघडतं. त्यातला सर्वांत वरचा बिट १ झाला तर वीज असेपर्यंत घड्याळ चालतं आणि बॅटरीवर गेलं की थांबतं. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पावसाळ्यात दिवे गेले, परत आले, की नोंदी भलत्याच वेळेच्या. लोक बॅटरी बदलतात. बॅटरी चांगलीच असते.

शिवाय ३२३१ मध्ये ‘आंदोलक थांबला होता’ ही खूण स्थिती रजिस्टरात असते. १३०७ समजून चालवलं तर तिथे कुणी बघत नाही, त्यामुळे चुकलेली वेळसुद्धा बरोबर म्हणून पुढे जाते. तापमान आणि अलार्म तर नाहीतच.

उपाय: नोडमध्ये ‘मॅक्सिम,डीएस३२३१’ एवढंच लिहा, मागे १३०७ नको. आणि एकदा वेळ नव्याने लावा.

नवी चिप खरोखरच यादीत नसेल तर

आता कर्नलमध्ये नाव घालायची वेळ. बाइंडिंग (कंपॅटिबल नावाची कर्नलमधली अधिकृत नोंद) लिहिण्याचे कर्नलचे नियम इथे स्पष्ट आहेत: नाव नेमक्या चिपचं, घराण्याचं नाही, आणि आकड्याच्या जागी एक्स नाही. कारण उघड आहे. आज तुम्ही ‘अमुक३एक्स’ लिहाल, उद्या कंपनी ३७ काढेल आणि ती वेगळी निघेल. नाव एकदा प्रसिद्ध कर्नलमध्ये गेलं की परत घेता येत नाही, कारण जुनी डीटीबी नव्या कर्नलवर चालली पाहिजे. याच आरटीसी ड्रायव्हरच्या यादीत ‘एमसीपी७९४०एक्स’ आणि ‘एमसीपी७९४१एक्स’ अजून आहेत. जुना पायंडा, आता कायमचा. तिकडे बोट दाखवून आपला एक्स खपवायला जाऊ नका, पॅच परत येईल.

घराण्याच्या नावाने किती फसगत होते हे ऑलविनर या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीकडे बघा. ‘सन८आय’मध्ये ए२३, ए३३, ए८३टी, एच३, व्ही३एस सगळे बसतात. एच५ मात्र ‘सन५०आय’, कारण त्याचे गाभे ६४-बिट कॉर्टेक्स-ए५३ आहेत. आणि तरी एच३ व एच५ यांचं बाकीचं इतकं सारखं की दोघांची मिळून एक सामायिक डीटीएसआय फाइल (इतर डीटीएसमध्ये जोडली जाणारी) आहे, नावातच दोघे. म्हणजे सन८आय घराण्यातल्या ए८३टी पेक्षा घराण्याबाहेरचा एच५ एच३ ला जास्त जवळचा. फाइल सामायिक ठेवा, नाव नाही.

रजिस्टर तेच असतील तर ड्रायव्हरला हातही लावू नका. बाइंडिंगमध्ये नवं नाव, त्यामागे जुनं, बस. फरक असेल तर ड्रायव्हरच्या यादीत नवी ओळ आणि तिच्यासोबत तिची माहिती. ड्रायव्हरचं, फाइलीचं किंवा कॉन्फिगचं जुनं नाव ‘आता जास्त व्यापक झालं’ म्हणून बदलू नका. सगळ्यांची कॉन्फिगरेशनं मोडतात, फायदा शून्य. शेवटी ‘मेक डीटीबीएस_चेक’ आणि ‘चेकपॅच’ चालवा. नोंद नसलेलं नाव किंवा उपसर्ग ते लगेच दाखवतात.

एक अनुभवाचं: एकाच नोडवर दोन वेगळे ड्रायव्हर जुळत असतील, एक नेमक्या नावावर आणि एक मागच्या, तर जो आधी पोचेल तो बसतो. नेमकं नाव आधी लिहिल्याने एकाच ड्रायव्हरच्या यादीतली निवड ठरते, दोन ड्रायव्हरांमधली नाही. नको असलेला कॉन्फिगमधून काढा.

इथे थांबा

सिरियल कन्सोलवर एकही अक्षर येत नसेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तो बूटलोडर, रॅम किंवा वीजपुरवठ्याचा प्रश्न आहे.

पॉवर मॅनेजमेंट चिपच्या किंवा रेग्युलेटरच्या नोडमध्ये नाव बदलून ‘बघू तरी’ करू नका. तिथे चुकीच्या नावाने चुकीचा व्होल्टेज जातो आणि प्रोसेसर कायमचा जातो. फ्यूज किंवा ओटीपी (एकदाच लिहिता येणारी स्मृती) लिहिण्याच्या आज्ञाही तशाच, परतीचा रस्ता नाही. बोर्डच्या निर्मात्याकडेच जा.

बोर्ड हायड्रॉलिक प्रेसला किंवा भट्टीच्या सुरक्षा-कडीला जोडलेलं असेल तर मशीन बंद करून यंत्राच्या माणसाला बोलवा, मग बाकीचं.

आणि नाव बरोबर, ओळख बरोबर, ड्रायव्हर बसलेला, तरी आकडे चुकीचे येत असतील तर रजिस्टरांचा नकाशाच बदललेला आहे किंवा चिप नकली आहे. हे कर्नलचं काम रोज करणाऱ्याकडे द्या. देताना चिपचा जवळून काढलेला फोटो, पूर्ण डीमेसेज, त्या नोडची कंपॅटिबल ओळ, ओळख-रजिस्टरात आलेला आकडा आणि कर्नलची आवृत्ती एवढं पाठवा. जुन्या लॉटचं एक चालू बोर्डही सोबत ठेवा. ते असलं की तुलनेत निम्मा वेळ वाचतो.